मृत्यूंची वही वाचणारा माणूस

कोरोनाच्या काळात घराघरांत एक नवी सवय लागली होती. संध्याकाळ झाली की कोणीतरी विचारायचे, आजचा आकडा किती? आकडा खाली आला की जीव भांड्यात पडायचा, वर गेला की पुन्हा घालमेल. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ या भागांत आकडा पुन्हा चढू लागला, तेव्हा साथ खरेच परतते आहे की चाचण्या वाढल्याने रुग्ण वाढलेले दिसताहेत, यावर चर्चा झडल्या. शिखर कधी येणार, हे सांगणारे तर गल्लोगल्ली निर्माण झाले.

हे सारे प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाने पहिल्यांदा शिस्तीने मांडले. त्यांचे नाव विल्यम फार. नाव ‘फार’ असले, तरी आपल्याकडे ते ठाऊक असणारे थोडेच. कॉलऱ्याचा पाण्याशी संबंध जोडणारे जॉन स्नो शाळेच्या पुस्तकातही भेटतात. पण स्नो यांना ज्यांच्या वहीतून मृतांचे पत्ते मिळाले, आणि ज्यांना स्नो यांचे म्हणणे पटायला बरीच वर्षे लागली, ते फार मात्र मागेच राहिले.

मजुराचा मुलगा

फार यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1807 रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील केन्ली या खेड्यात झाला. घरची गरिबी होती. डॉरिंग्टन गावातील जोसेफ प्राइस या सधन, वृद्ध गृहस्थाने मुलाची हुशारी पाहून त्याला आपल्या आधाराखाली घेतले. 1828 मध्ये प्राइस वारले. जाताना त्यांनी या मुलासाठी 500 पौंड ठेवले होते. त्या पैशांवर फार पॅरिसला वैद्यक शिकायला गेले.

पॅरिसची निवड महत्त्वाची ठरली. रुग्णांची पद्धतशीर मोजदाद करून उपचारांचा उपयोग तपासायचा, ही रीत तिथे तेव्हा रुजत होती. रक्तस्रावाने न्यूमोनिया बरा होतो असे मोठमोठे वैद्य छातीठोकपणे सांगत, तिथे पिएर लुई यांच्यासारखे डॉक्टर किती जणांना बरे वाटले आणि किती दगावले, ते मोजून पाहात. अनुभवाच्या दाव्यापेक्षा मोजदाद मोठी, हा धडा फार तिथून घेऊन आले.

लंडनला परतल्यावर 1832 मध्ये त्यांनी औषधविक्रेत्यांच्या मंडळाची परीक्षा दिली आणि दवाखाना थाटला. तो काही नीट चालला नाही. 1833 मध्ये लग्न झाले, पण पत्नी 1837 मध्येच क्षयाने गेली. हाताशी रुग्ण कमी आणि डोक्यात आकडे जास्त, अशा अवस्थेत त्यांनी लेखन सुरू केले. ब्रिटिश साम्राज्याच्या सांख्यिकीवरील एका ग्रंथात जीवन-मरणाच्या आकड्यांवरचे प्रकरण त्यांनी लिहिले आणि त्यांचे नाव झाले.

नोंदणी कचेरीतील संकलक

योगही जुळून आला. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 जुलै 1837 पासून जन्म, मृत्यू आणि विवाहांची सरकारी नोंदणी सुरू झाली होती. गावोगावच्या निबंधकांकडून येणारे कागद एकत्र करून त्यांचा गोषवारा काढायला माणूस हवा होता. फार त्या कामावर रुजू झाले आणि पुढची चाळीस वर्षे तिथेच राहिले. हुद्दा गोषवारा काढणाऱ्याचा. पण ‘कोण मेले’ याच्या पुढे जाऊन ‘कशाने मेले, कुठे मेले, कोणत्या वयात मेले आणि कोणत्या धंद्यातले मेले’ हे विचारण्याची सवय त्यांनी त्या कचेरीला लावली.

त्यात अडचणी किती! मृत्यूचे कारण म्हणून कोणी ‘ताप’ लिहायचे, कोणी ‘अशक्तपणा’, कोणी ‘देवाची इच्छा’ एवढ्यावर भागवायचे. फार यांनी रोगांची नावे आणि त्यांचे वर्गीकरण ठरवून दिले. डॉक्टरांना छापील दाखल्यांची पुस्तके फुकट पाठवली गेली. आज जगभर रोगांना जे आंतरराष्ट्रीय संकेतांक दिले जातात, त्या व्यवस्थेच्या मुळाशी फार यांची ही धडपड आहे.

लंडनसाठी दर आठवड्याला मृत्यूंचा तक्ता छापला जाऊ लागला. वार्षिक अहवाल म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीचा पंचनामा असतो. साप्ताहिक तक्त्यामुळे मात्र चालू साथ डोळ्यांसमोर दिसू लागली. वर्तमानपत्रे तो तक्ता छापत आणि लोक तो वाचत. आपली संध्याकाळच्या आकड्याची सवय तिथून आली, असे म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट फार यांनी याच तक्त्यातून शिकवली. 1847 च्या अखेरीस लंडनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. दाखल्यांवर इन्फ्लुएंझा असे लिहिलेले मृत्यू त्या मानाने कमी होते. फार यांनी एरवी त्या आठवड्यांत किती माणसे मरतात, ते पाहिले आणि साथीतल्या एकूण मृत्यूंतून तो आकडा वजा केला. उरलेली संख्या दाखल्यांवरच्या संख्येच्या कित्येक पट निघाली. साथ दमेकऱ्यांना, म्हाताऱ्यांना, छातीच्या जुन्या दुखणेकऱ्यांना घेऊन गेली होती, पण कागदावर दुसरेच कारण लागले होते. कोरोनाच्या काळात ‘अतिरिक्त मृत्यू’ हा शब्द आपण वाचला. त्याची रीत ही अशी जुनी आहे.

साथीला आकार असतो

1837 ते 1839 या काळात इंग्लंडमध्ये देवीची मोठी साथ आली. फार यांनी दर तीन महिन्यांचे मृत्यू एकाखाली एक लिहिले. सुरुवातीला आकडा झपाट्याने चढत होता, मग चढण मंदावत गेली, मग शिखर आणि मग उतार. चढ आणि उतार यांत एक नियमितपणा होता. साथ म्हणजे दैवी कोप, ती केव्हा यावी आणि केव्हा जावी याला काही नियम नाही, असे मानणाऱ्या काळात हे निरीक्षण धाडसाचे होते. घंटेसारखा दिसणारा तो आलेख आज शाळकरी मुलांनाही परिचयाचा आहे.

या नियमाची जाहीर परीक्षा 1866 च्या फेब्रुवारीत झाली. माणसांच्या नव्हे, गुरांच्या साथीत. आदल्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये बुळकांडी शिरली होती आणि गोठेच्या गोठे रिकामे होत होते. ही साथ आता आवरणार नाही, देशाचे गोधन संपणार, असा इशारा रॉबर्ट लो या नामांकित खासदाराने संसदेत दिला. फार यांनी एका दैनिकाला पत्र लिहून उलट सांगितले की, साथ लवकरच उतरेल.

त्यांचा हिशेब कोणालाही पडताळून पाहता येईल असा होता. चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांत नव्याने लागण झालेली जनावरे अशी होती: 9,597, मग 18,817, मग 33,835, मग 47,191. नुसते आकडे पाहिले, तर साथ भडकतच चाललेली दिसते. पण फार यांनी प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या किती पट आहे, ते पाहिले. आधी 1.96 पट, मग 1.80 पट, मग 1.39 पट. म्हणजे आकडा वाढत होता, पण वाढीचा वेग घटत होता आणि ही घटही टप्प्याटप्प्याने अधिक वेगाने होत होती. तीच चाल पुढे नेली, तर पुढचे आकडे 43,182, 21,927, 5,226, 494 आणि अखेर 16 असे येतील, असे त्यांनी लिहून दिले.

वैद्यकीय वर्तुळात त्यांची टिंगल झाली. प्रत्यक्षात फेब्रुवारीत आकडा त्यांनी सांगितला होता त्याहून चढाच राहिला. त्यानंतर मात्र साथ उतरू लागली आणि उतरतच गेली. त्यांनी सांगितले त्यापेक्षा संथपणे, पण दिशा तीच.

इथे थोडे थांबायला हवे. त्याच फेब्रुवारीत संसदेने बाधित जनावरे सक्तीने मारण्याचा कायदाही केला होता. मग साथ ओसरली ती तिच्या अंगच्या चालीने की कायद्याने? नुसत्या आलेखावरून याचे उत्तर मिळत नाही. शिवाय साथ का उतरते, याचे फार यांनी दिलेले मुख्य कारण आज आपल्याला पटणार नाही. एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाताना विषाचा जोर कमी होत जातो, असे ते समजत. लागण होऊ शकेल अशी जनावरे कमी उरतात, हेही त्यांच्या लक्षात आले होते. खरा भर त्यावर हवा होता. आकार बरोबर ओळखला, पण त्यामागचे कारण अर्धेच हाती लागले, अशी ही गोष्ट.

उंचीचा मोहक नियम

आकार बरोबर आणि कारण चुकीचे, हा अनुभव फार यांना याआधी कॉलऱ्याने दिला होता, आणि तो जास्त महागात पडणारा होता.

1848-49 च्या कॉलऱ्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये पन्नास हजारांहून अधिक बळी घेतले. एकट्या लंडनमध्ये सुमारे 14,000. फार यांनी लंडनचा प्रत्येक विभाग तपासला. गरिबी, दाटी, घरभाडे, पाणी सगळे पाहिले. सर्वांत ठळक नाते दिसले ते जमिनीच्या उंचीशी. टेम्स नदीच्या पातळीपासून 20 फुटांच्या आतल्या वस्त्यांत दर दहा हजार लोकांमागे शंभरच्या आसपास मृत्यू. जसजसे वर जावे, तसतसा आकडा उतरत जाई. साडेतीनशे फुटांच्या आसपासच्या वस्त्यांत तो दहाच्याही आत. इतके नीटस नाते क्वचितच पाहायला मिळते.

आणि ते त्या काळच्या समजुतीत चपखल बसत होते. सडक्या घाणीतून उठणारी दूषित हवा रोग पसरवते, असे बहुतेक विद्वान मानत. नदीकाठी ती हवा दाट, टेकडीवर विरळ. झाले, उलगडा झाला! 1852 मध्ये प्रसिद्ध झालेला फार यांचा अहवाल त्या काळातील सांख्यिकीचा उत्तम नमुना मानला गेला. त्यातले आकडे खरे होते. निष्कर्ष चुकला होता. सखल भागातल्या लोकांना नदीच्या खालच्या, जास्त घाण झालेल्या पात्रातले पाणी मिळत होते आणि मैला त्याच नदीत जात होता. उंची ही खऱ्या कारणाची सावली होती.

जॉन स्नो यांनी 1849 मध्येच पाण्याकडे बोट दाखवले होते. फार यांनी ते सोडून दिले नाही, हे त्यांचे मोठेपण. 1853 मध्ये कॉलरा परतला, तेव्हा कोणत्या विभागाला कोणती कंपनी पाणी पुरवते, याची माहिती त्यांनी साप्ताहिक तक्त्यात घातली. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. लॅम्बेथ कंपनीने पाणी उचलण्याची जागा नदीच्या वरच्या, स्वच्छ पात्रात हलवली होती. साउथवार्क आणि वॉक्सहॉल कंपनीने हलवली नव्हती. फार यांनी स्नो यांना मृतांचे पत्ते दिले आणि पुढे आपल्या निबंधकांनाही घरातले पाणी कोणाचे, हे विचारायला लावले. स्नो यांचा हिशेब असा आला: 1854 च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे साउथवार्क आणि वॉक्सहॉलच्या गिऱ्हाइकांत 315 मृत्यू, लॅम्बेथच्या गिऱ्हाइकांत 37.

एवढे असूनही सरकारने नेमलेल्या वैज्ञानिक समितीने 1855 मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या विहिरीबद्दलचे स्नो यांचे म्हणणे स्वीकारले नाही. त्या समितीत फार होते. पाण्याचा काही वाटा असेल, पण हवा हे मूळ, असे त्यांचे मत टिकून होते. 1858 मध्ये स्नो वारले, वयाच्या 45 व्या वर्षी.

1866: साथ परत आली

मग आला 1866 चा उन्हाळा. युरोपात कॉलरा फिरतच होता. लंडनमध्ये जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तुरळक मृत्यू नोंदले जात होते. नंतरच्या आठवड्यात आकडा साडेतीनशेच्या आसपास गेला, त्यापुढच्या आठवड्यात नऊशेच्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीला हजाराच्या वर.

फार यांनी एकूण आकडा बाजूला ठेवला आणि तो कुठून येतो आहे, ते पाहिले. मृत्यू लंडनभर विखुरलेले नव्हते. बहुतेक पूर्व लंडनच्या गोदी कामगारांच्या, मजुरांच्या वस्त्यांत होते. हवेला अशी सीमारेषा पाळता येत नाही. पण नळाला येते. त्या वस्त्यांवर ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या पुरवठ्याचा नकाशा ठेवला, तर दोन्ही जवळजवळ एकमेकांवर बसत होते.

दुसरा पुरावा त्याहून बोलका होता. दक्षिण लंडनच्या सखल वस्त्या 1849 आणि 1854 मध्ये सर्वाधिक पोळल्या होत्या. 1866 मध्ये त्या बऱ्याच अंशी वाचल्या. जमिनीची उंची तर तीच होती! बदलले होते ते पाणी, आणि त्या बाजूची नवी गटारे पूर्ण झाली होती. पूर्वेकडचे गटारांचे काम मात्र अजून अपुरे होते. उंचीचा नियम त्याच्या कर्त्याच्याच तक्त्यात कोसळत होता.

साप्ताहिक तक्त्यातून कंपनीकडे बोट रोखले गेले. कंपनीच्या अभियंत्याने वर्तमानपत्रात ठणकावून सांगितले की, न गाळलेल्या पाण्याचा एक थेंबही आम्ही दिलेला नाही. त्यावर गिऱ्हाइकांनी कळवले की, आमच्या नळातून वामीसारखे ईल मासे निघाले. वाळूच्या थरातून गाळलेल्या पाण्यात मासा येईल कसा? चौकशी लागली. ओल्ड फोर्ड येथील उघड्या तलावातले पाणी पुरवठ्यात सोडले गेले होते, हे शेवटी कंपनीच्या माणसांना कबूल करावे लागले. त्या तलावाशेजारून ली नदी वाहते. तिच्या काठी ब्रॉम्ली भागात एक मजूर आणि त्याची बायको 27 जून रोजी कॉलऱ्याने एकाच दिवशी गेली होती आणि त्यांच्या संडासाचे पाणी नदीत जात होते. साखळी जुळली. पाणी उकळून प्या, अशा सूचना वस्त्यांत लावण्यात आल्या. तोवर उशीर झाला होता. त्या वर्षी लंडनमध्ये साडेपाच हजारांहून अधिक माणसे कॉलऱ्याने मेली, त्यातली बहुतेक पूर्वेकडची.

1868 मध्ये फार यांनी या साथीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी कॉलरा प्रामुख्याने पाण्यातून पसरतो, हे आकड्यांनिशी मांडले आणि स्नो यांचे श्रेय मान्य केले. ते ऐकायला स्नो नव्हते. ज्या उंचीच्या नियमामुळे फार यांचे नाव झाले होते, त्याला त्यांनी स्वतःच दुय्यम स्थान दिले. साठीला आलेल्या, देशोदेशी मान मिळालेल्या माणसाला हे सोपे गेले नसणार. पण वही त्यांनीच लिहिली होती, आणि तिच्यात जे आले ते त्यांना नाकारता येईना.

उत्तरायुष्य आणि वारसा

फार यांचे काम कॉलऱ्यापुरते नव्हते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या मृत्युदरांच्या प्रसिद्ध हिशेबांमागे फार यांची मदत होती. भारतातील ब्रिटिश फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचे ते सदस्य होते. इथल्या छावण्यांत दर हजार सैनिकांमागे वर्षाला 69 मरतात, हे त्या चौकशीतून पुढे आले. ते लढाईत नव्हे, बहुतांशी घाण पाणी आणि दाटीमुळे.

1879 मध्ये महानिबंधकाचे पद रिकामे झाले. चाळीस वर्षे त्या कचेरीचा मेंदू असलेल्या फार यांना ते मिळाले नाही. नेमणूक एका सरदार घराण्यातील गृहस्थाची झाली. फार यांनी नोकरी सोडली. 14 एप्रिल 1883 रोजी त्यांचे निधन झाले.

साथीच्या आकाराचा त्यांचा प्रश्न मात्र पुढे चालत राहिला आणि एका वळणावर मुंबईला येऊन पोहोचला. 1927 मध्ये विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी साथीच्या गणिताचा पाया घालणारा निबंध लिहिला. मॅकेंड्रिक यांनी भारतात वैद्यकीय सेवा केली होती. आपले समीकरण त्यांनी पडताळून पाहिले ते 1905-06 मधील मुंबईच्या प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंवर. लागण होऊ शकेल अशी माणसे कमी उरली की साथ उतरते, ही फार यांच्याकडून अर्धीच राहिलेली गोष्ट तिथे गणितात आली.

आणि त्यांच्या नियमाचा आंधळा वापर कसा फसतो, तेही दिसले. 1990 मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी फार यांची रीत एड्सला लावली आणि साथ शिखर ओलांडून गेली आहे, अमेरिकेत एकूण रुग्ण दोन लाखांच्या आसपास थांबतील, असा अंदाज केला. 1995 पर्यंत तिथे पाच लाखांचा टप्पा ओलांडला गेला. जो रोग वर्षानुवर्षे शरीरात दबून राहतो आणि वेगवेगळ्या गटांत वेगवेगळ्या वेळी पसरतो, त्याला एकाच घंटेच्या आकारात बसवता येत नाही.

पुढची साथ येईल तेव्हा संध्याकाळी पुन्हा आकडे येतील. फार यांच्या वहीतून त्यासाठी काही गोष्टी घेता येतात. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये, काही आठवड्यांची चाल पाहावी. आकडा किती आहे याबरोबर तो आधीच्या किती पट आहे, हेही पाहावे. राज्याचा एकूण आकडा पाहून थांबू नये, तो कोणत्या वस्तीतून येतो आहे ते विचारावे. रुग्णांची संख्या चाचण्यांवर अवलंबून असते, म्हणून एरवीच्या मानाने एकूण मृत्यू किती वाढले, ते ताडून पाहावे. आणि आलेख उतरताना दिसला, तरी तो का उतरतो आहे, हे कळेपर्यंत निर्धास्त होऊ नये. पाणी उकळायचे की नाही, ते त्या ‘का’वर ठरते.